आधी वैरण, मग शिंगं

माझ्या पहिल्या अद्भुतकथेतल्या पाळीव जनावराला सहा पाय होते, अंगभर खवले आणि कपाळावर निळी ज्योत. आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर बैलवाल्यांचं. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "वैरण काय घालतात गं त्याला?" मला सांगता येईना. तेव्हापासून शिंगं मी सगळ्यात शेवटी काढते.

सध्या हुंबा रचतेय. खाऱ्या पाणथळ पठारावरच्या लोकांचं जनावर. तिथे उगवतं ते माणसाला पचत नाही, हुंब्याला पचतं. तुम्हीही गोष्टीसाठी जनावर रचत असाल, तर इथूनच सुरुवात करा. रेनडिअर हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून दगडफूल खातो, आपण गोड्या मसाल्यात चिमूटभर घालतो त्याच्या भाऊबंदांपैकी. त्याचं दूध-मांस झालं, म्हणून तर उत्तर युरोपातले सामी लोक कळपामागे फिरत आले.

मग शेण. हसू नका, इथे दोन दिवस घालवा. तिबेटच्या उंच पठारावर झाडं नाहीत, तिथली चूल याकच्या शेणावर पेटते. आपल्याकडे धनगर रानात मेंढ्या बसवतात. रात्रभरात लेंड्यांचं खत पडतं आणि शेतकरी बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. म्हणजे लेंड्यांमुळे फिरस्ता आणि गावात राहणारा एकमेकांना बांधले जातात. हुंब्याचं वाळलेलं शेण जळताना निळं दिसतं (माझी ती ज्योत शेवटी इथे उपयोगी पडली). कळप आज कुणाच्या अंगणात बसणार यावरून दोन वाड्यांत भांडण लावलं, तर तीन महिने अडलेली गोष्ट चालायला लागली.

जनावर माणसाच्या दावणीला पिल्लं देतं का, हेही ठरवा. हत्ती हजारो वर्षं माणसाजवळ आहे, पण बहुतेक रानातून धरूनच आणलेला. जवळजवळ बावीस महिने गर्भ, पुढे कामाला लागेपर्यंत कित्येक वर्षं. एवढा चारा कोण पुरवणार? पिल्लं घरची असतील तर मात्र रूपही बदलू द्या. 1959 साली रशियन जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी सैबेरियात कोल्ह्यांमधले शांत तेवढे निवडून पैदास सुरू केली. पुढच्या पिढ्यांत काहींचे कान लोंबले, काहींच्या शेपट्या वळल्या. म्हणून माझ्या रानहुंब्याचे कान ताठ, घरच्याचे पडलेले.

नाव सोपं ठेवा, हाक मारता आली पाहिजे. पण एका नावावर भागत नाही. आपल्याकडे दातांवरून बैलाचं वय सांगतात: आधी आदत असतो, मग दोनदाती, चारदाती, मग जुळलेला. तिबेटीत याक म्हणजे फक्त नर, मादी ती द्री. हुंब्यासाठी मी सात शब्द केले, त्यातले चार वापरले. एक म्हणही झाली: विचार करून बोलणाऱ्याला तिथले लोक "दोनदा गिळणारा" म्हणतात, कारण हुंबा रवंथ करतो.

सण हवाच असेल तर आधी जनावराला दुखतं कुठे ते बघा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, जू घासतं त्याच खांद्याला तूप-हळद चोळतात. हुंब्याच्या नाकात दोर असतो. वर्षातून एक दिवस तो काढतात, आणि त्या दिवशी जो निघून जाईल त्याला परत आणायचं नाही असा रिवाज. तलवारी, जादू वगैरे तुमचं तुम्ही बघा, त्यात मला गती नाही.

परवा नवा मसुदा आईला वाचून दाखवला. वैरणीवर तिने मान डोलावली. मग म्हणाली, "व्यायला झाली की रात्री जागतं कोण?"

ते प्रकरण आज लिहायला घेतलंय.