दूरच्या कॉम्प्युटरचं मोबाइल नेट तुटतंय? गाडी काढण्याआधी हे करा

सोलापुरात बसून सांगोल्याकडच्या बागेतला पॅकहाऊसचा कॉम्प्युटर एनीडेस्कवर (लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायच्या अॅपवर) चालवायचा, म्हणजे सगळी भिस्त एका सिमकार्डावर. ते सिम असतं डोंगलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायच्या नेटच्या कांडीत. नेट तुटलं की राखणदाराला फोन ठरलेला: "मामा, ते डोंगल काढून परत घाला." बऱ्याचदा चालूही होतं, पण बिघाड कुठे होता, ते कळायची सोय त्यासरशी जाते. म्हणून मामांना आधी नुसतं बघायला सांगा. कॉम्प्युटर चालू आहे का? डोंगलचा दिवा पेटलेला आहे का? त्याच कंपनीचं सिम असलेल्या मोबाइलवर तिथे नेट येतंय का?

मोबाइलवरही येत नसेल तर टॉवरचीच अडचण. वाट बघण्यावाचून इलाज नाही. बराच वेळ लाइट नसली की टॉवरची बॅटरीही उतरते.

त्यानंतर रिचार्ज बघा. हे सांगायला नको, पण सगळ्यात जास्त विसरलं जातं तेही हेच. रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट चालू दिसतं, एनीडेस्क मात्र जागचं हलत नाही. रोज संध्याकाळी रखडून रात्री बारानंतर आपोआप सुरळीत होत असेल, तर डोंगलला दोष देऊ नका. विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरायचं, करा आणि कॅमेऱ्याचं फुटेज सतत क्लाउडवर चढत नाही ना, तेवढं तपासा.

तरीही तुटत असेल तर नोंद ठेवल्याशिवाय सुटका नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची फाइल, लावा. दर मिनिटाला तिने दोन पिंग करायचे, म्हणजे उत्तर येतंय का ते बघायला हाक मारायची: एक डोंगलच्या किंवा राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला आणि दुसरा बाहेर, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. निकाल वेळेसकट फाइलमध्ये लिहायचा. दोन-चार दिवसांनी फाइल उघडा. फक्त बाहेरचा पिंग बंद पडला असेल तर दोष सिग्नल, सिम किंवा टॉवरचा. दोन्ही बंद असतील तर डोंगल किंवा यूएसबीचा. आणि मधल्या तासाभराची नोंदच नसेल, तर कॉम्प्युटर बंद होता किंवा झोपला होता, नेटचा काही संबंध नाही.

झोपेवर उपाय सोपा: पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करा. तिथेच 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. सिग्नल कमजोर असला की डोंगल जास्त जोर लावून पाठवतं, जास्त वीज ओढतं. त्यात स्वस्त, लांब एक्स्टेन्शन वायर असेल तर ते मध्येच मान टाकतं. स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब घ्या.

सिग्नल दांड्यांवरून ठरवू नका. डोंगलच्या किंवा राउटरच्या सेटिंग पानावर 'आरएसआरपी' हा सिग्नलची ताकद सांगणारा आकडा असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर कनेक्शन कधीही तुटेल. पत्र्याचं शेड लहरी अडवतं आणि वर भट्टीसारखं तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. नोंदवहीत दुपारी एक ते चार नेट वारंवार तुटलेलं दिसलं, तर डोंगल पत्र्यापासून लांब, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, सावलीत हलवा.

माझं मत विचाराल तर अशा जागी डोंगलऐवजी सिमचा राउटरच बसवावा. काही डोंगलांना लॉगिन करून 'कनेक्ट' दाबावं लागतं, आणि रात्री लाइट जाऊन आल्यावर ते दाबणार कोण? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस'सारखा पर्याय चालू करा, म्हणजे लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल. एनीडेस्क नीट इन्स्टॉल करून अनअटेंडेड अॅक्सेसचा (समोर कुणी नसताना आत शिरायचा) पासवर्ड द्या. नाहीतर समोर कुणीतरी 'अॅक्सेप्ट' दाबेपर्यंत तुम्ही बाहेरच.

त्याच स्क्रिप्टला पुढचं कामही देता येतं: पाच मिनिटं बाहेरचा पिंग नसेल तर नेटवर्क अडॅप्टर बंद-चालू कर, पंधरा मिनिटं नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट कर. रीस्टार्ट तासातून एकदाच होऊ द्या. नाहीतर टॉवर बंद असलेल्या रात्री कॉम्प्युटर उजाडेपर्यंत रीस्टार्टच होत राहील.

आणि नेटवर्कची सेटिंग लांबूनच बदलायची वेळ आली, तर आधी दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत आणणारा टास्क लावा, मगच बदला. बदलानंतरही तुम्ही आत असाल तर तो टास्क काढून टाका.