घरची गाडी मुक्कामाला नेताना

रात्री गाडीतच झोपायचा बेत असेल तर काहीही विकत आणायच्या आधी गाडीतलं सगळं सामान बाहेर काढा, मागची सीट पाडा आणि टेप घेऊन आत आडवे व्हा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला झोपवून बघा; आमच्याकडे तो मान नवऱ्याचा. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून लांबी किती मिळते, चाकांच्या दोन फुगवट्यांमध्ये रुंदी किती, उठून बसलं तर डोकं छताला लागतं का, हे लिहून घ्या. डिकी बंद करून मोजा. उघड्या डिकीत कुठलीही गाडी ऐसपैस वाटते.

रुंदी मीटरभर असेल तर दोन मोठी माणसं झोपतात. चौघं झोपत नाहीत, कुणी कितीही फोटो दाखवू देत. आम्ही दोघं गाडीत आणि दोघं शेजारच्या तंबूत असंच धरतो, आणि कोण कुठे याचं भांडण निघायच्या आधीच उरकून घेतो.

माझी एक अट आहे. गाडीत घातलेली प्रत्येक वस्तू पंधरा मिनिटांत बाहेर निघाली पाहिजे, कारण सोमवारी हीच गाडी शाळेत आणि ऑफिसला जाते. शिवाय प्रवासात मुलं मागच्या सीटवर बसणार आणि त्यांचे पट्टे लागले पाहिजेत. त्यामुळे कायमचा पलंग, पत्र्याला पाडलेली भोकं, कपाटं, हे सगळं बाद. डिकीत सामान बांधायला कंपनीने दिलेल्या कड्या असतात, त्यांनाच पट्टे अडकवा.

पलंगासाठी १२ मिमी प्लायवूड पुरतं. पण आठ बाय चारची अख्खी शीट वीस किलोच्या पुढे जाते, म्हणून लागेल तेवढंच कापून घ्या आणि त्याचे तीन तुकडे लांब बिजागऱ्यांनी जोडा. सीट उभी असताना तुकडे एकावर एक घडी होऊन डिकीत बसतात. मुक्कामाला पोचलं की सीट पाडून उलगडायचे. पायांची उंची ठरवताना मात्र घाई नको. तीस सेंटिमीटर पाय दिले तर खाली छान खोके मावतात, पण वर बसता येत नाही. बसलेल्या मोठ्या माणसाला गादीपासून नव्वदएक सेंटिमीटर तरी मोकळे लागतात. पाऊस लागला की संध्याकाळभर आत वाकून बसावं लागतं, म्हणून मी पलंग खालीच ठेवला आणि सामान रात्री पुढच्या सीटवर सरकवते. स्टेपनी, जॅक आणि पाना पलंगाखाली गाडले जाणार नाहीत ना, हेही याच वेळी बघा.

पाडलेली सीट क्वचितच सपाट होते, थोडा चढ राहतोच. डोकं चढाच्या बाजूला घ्या. पुढच्या सीटमागे जी खाच उरते तिच्यात झाकणाचा खोका ठेवला की काम भागतं. गादी पाच ते सात सेंटिमीटर जाडीच्या फोमची, तीही दोन-तीन भागांत.

काचांसाठी वर्तमानपत्र काचेवर धरून आकार काढा आणि चंदेरी अस्तराचा फोम त्याहून सेंटिमीटरभर मोठा कापा. तो कडेत आपोआप अडकून बसतो. प्रत्येक तुकड्यावर मार्करने ‘डावी मागची’ असं लिहा, नाहीतर अंधारात कोडं सोडवत बसाल. समोरासमोरच्या दोन काचा मात्र दोन बोटं खाली ठेवायच्या आणि बाहेरून मच्छरांची जाळी लावायची. श्वासातलं बाष्प बाहेर गेलं नाही की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि अंथरूण ओलं होतं.

इथे एक गोष्ट मी मुलांनाही पाठ करायला लावली आहे: गाडीत किंवा तंबूत शेगडी, कोळसा, काहीही पेटवायचं नाही, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; झोपलेल्याला कळत नाही. काच दोन बोटं उघडी आहे हा त्यावर उपाय नाही. बॅटरीवरचा अलार्म मिळतो, तो उशाशी ठेवा.

आता वीज. नवऱ्याला फ्रिज हवा होता, तेव्हा आधी कागदावर हिशोब मांडला. ४५ वॅटचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो. दिवसातले आठ तास मोटर फिरली तरी ३० अँपिअर-तास गेले. गाडीची बॅटरी ४५ची असेल तर सकाळी इंजिन सुरू होण्याची आशा सोडा. ती स्टार्टर फिरवण्यासाठी असते, खोलवर रिकामी केली की लवकर मरते. म्हणून वेगळी बॅटरी घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तास म्हणजे ६४० वॅट-तास. फ्रिजचे ३६०, पंख्याचे पन्नास, चार फोनचे शंभर धरले तरी दिवस निघतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालताना ती पुन्हा भरायची. डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर तिथून १२० वॅटच्या वर ओढू नका. जाड वायर थेट इंजिनकडच्या बॅटरीवरून आणायची असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला अगदी लागून हवा.

वजनाकडे लोक काणाडोळा करतात. गाडीच्या कागदांत कमाल एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. त्यांच्या फरकात माणसंही आली, नुसतं सामान नाही. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. पाणी, बॅटरी, शेगडी खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून, पट्ट्याने आवळून; जोरात ब्रेक लागला तर सुटा सिलिंडर सरळ पुढच्यांच्या डोक्यावर येतो. छतावर फक्त हलकं नि फुगीर: तंबू, गाद्या. छताची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते आणि बहुतेक वेळा तीत कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. टायरमध्ये हवा ठेवायची ती माणसं-सामानाने भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली. आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

रात्री बाहेर पडायचा रस्ता दिवसाच तपासा. बऱ्याच गाड्यांची डिकी आतून उघडत नाही, आणि मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर तीही नाही. झोपायच्या आधी लॉक काढा, दार उघडल्यावर लागणारे दिवे बंद करा, आणि गाडीच्या अलार्मला आतली हालचाल कळत असेल तर तेवढा भाग बंद ठेवा. नाहीतर पहाटे एकाने कूस बदलली की तंबूतल्यांनाही उठावं लागतं.