झोर्की-४ कॅमेरा हातात आलाय? आधी एवढं बघा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, वाइंडिंगचा नॉब पूर्ण फिरवून शटर कॉक केल्याशिवाय (म्हणजे ताणून तयार केल्याशिवाय) शटर स्पीडच्या डायलला हात लावायचा नाही, नाहीतर आतली यंत्रणा बिघडू शकते. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला १९५६ ते १९७३ मधे बनलेला हा कॅमेरा दणकट आहे, पण हा नियम पाळाच.

फिल्म भरायला तळाच्या दोन्ही चाव्या फिरवा, मागचं कव्हर निघतं. फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधे मधोमध दोन प्रतिमा दिसतात, लेन्सची रिंग हळूहळू फिरवत त्या एकावर एक आणायच्या, आणि जुळल्या की जे समाधान मिळतं ना ते भारीच! व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतंय? रिवाइंड नॉबखालचा (फिल्म परत गुंडाळायच्या नॉबखालचा) छोटा लिव्हर सरकवा, तो नजरेचा नंबर जुळवायला आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

लाइट मीटर (उजेड मोजणारं यंत्र) नाहीये, त्यामुळे कडक उन्हात आयएसओ २०० ची फिल्म असेल तर लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर स्पीड १/२५० सेकंद ठेवा.

आणि हो, शटरचा पडदा कापडी आहे, उन्हात लेन्स सूर्याकडे उघडी राहिली तर त्याला भोक पडतं, म्हणून फोटो काढून झाला की कॅप लावा.