हार्मोनिक ॲनालिसिसने डिस्क भरली तेव्हा

गिअरबॉक्सच्या केसिंगचं मॉडेल होतं, नोड (ज्या बिंदूंवर गणित होतं ते) साधारण २० लाख. ॲन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ५०० फ्रीक्वेन्सींवर हार्मोनिक रन (त्या-त्या फ्रीक्वेन्सीने हलवल्यावर केसिंग किती कंप पावतं याचं गणित) लावला, तोही फुल मेथडने, म्हणजे दरवेळी सगळी समीकरणं सोडवून, आणि मध्येच डिस्क भरून तो बंद पडला. नवी डिस्क मागवण्याआधी गणित केलं. एका नोडला तीन दिशा, म्हणजे ६० लाख अज्ञातं. उत्तर कॉम्प्लेक्स, म्हणजे दोन भागांचा आकडा, म्हणून प्रत्येकी १६ बाइट. एका फ्रीक्वेन्सीला ९६ एमबी, ५०० ला ४८ जीबी. हे नुसतं डिस्प्लेसमेंट, म्हणजे बिंदूंचं सरकणं! स्ट्रेस (ताण) प्रत्येक एलिमेंटच्या, म्हणजे मॉडेलच्या छोट्या तुकड्याच्या, कोपऱ्यांवर साठतो, तो याच्या कित्येक पट. आणि आम्हाला हवे होते बेअरिंगजवळचे मोजके बिंदू.

मग मोड सुपरपोझिशन वापरलं: केसिंगचे स्वतःचे कंपनाचे आकार (मोड) आधी काढायचे आणि उत्तर त्यांच्या बेरजेतून मिळवायचं. ८० मोड एकदाच साठवले; त्यांचे आकडे कॉम्प्लेक्स नाहीत, म्हणून प्रत्येकी ८ बाइट: सुमारे ३.८ जीबी. त्यानंतर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला फक्त ८० मोडल आकडे (कोणता मोड किती प्रमाणात) लिहावे लागतात, म्हणजे ५०० फ्रीक्वेन्सी मिळून एक एमबीसुद्धा नाही. स्ट्रेस फक्त शिखरांवरच, म्हणजे कंपन सर्वाधिक असलेल्या फ्रीक्वेन्सींवर, एक्सपांड केला (पूर्ण मॉडेलसाठी काढला). मोड मात्र कमाल फ्रीक्वेन्सीच्या दीडपट-दुपटीपर्यंत घ्या. तिथे काटकसर नको.

रबर माउंटचे (केसिंगखालच्या रबरी आधारांचे) गुणधर्म फ्रीक्वेन्सीनुसार बदलत असतील तर ही युक्ती चालत नाही, फुल मेथडच लागते. तेव्हा काय साठवायचं ते ठरवणाऱ्या 'आउटरेस' (OUTRES) कमांडने आधी सगळं आउटपुट बंद करायचं, मग हव्या त्या नोड-गटाचं डिस्प्लेसमेंट तेवढं चालू करायचं. क्रम उलटला तर काहीच साठत नाही. सॉल्व्हरच्या तात्पुरत्या फाइलींना मात्र याने फरक पडत नाही. त्यांच्यासाठी लोकल एसएसडीवर वेगळी जागा ठेवली आहे.