दिवाळी पहाट: ऑनलाइन तिकिटांचा पैसा पैशाला जुळावा म्हणून

गायक ठरला, नाट्यगृहाची तारीख मिळाली की संस्थेची पुढची बैठक तिकीटदरावर होते. खजिनदाराने वही तिथेच उघडावी. विक्री सुरू झाल्यावर हिशेबाचं बघू म्हणणाऱ्यांचा हिशेब तुळशीच्या लग्नापर्यंत लागत नाही. खालची तयारी पाच-सातशे खुर्च्यांचा कार्यक्रम करणाऱ्या संस्थेसाठी आहे. स्टेडियमवाल्यांकडे या कामाला पगारी माणसं असतात.

दर ठरवताना जीएसटी समोर ठेवा. गाण्याच्या कार्यक्रमाचं किंवा नाटकाचं माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त आहे. ही मर्यादा आधी २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ती वाढली. ५०० च्या वरच्या तिकिटावर १८ टक्के. संस्था जीएसटीत नोंदलेली असेल आणि करासह ६०० रुपये दर लावला, तर पदरात पडतात ५०८ रुपये ४७ पैसे. प्रेक्षकाचे शंभर जास्त गेले, संस्थेला साडेआठ मिळाले. माझं मत विचाराल तर सरळ ५०० ठेवा, नाहीतर हिंमत करून ८०० करा. मधला दर कोणाच्याच कामाचा नाही.

ऑनलाइन तिकीट विकणाऱ्या कंपनीला कागदपत्रं महिनाभर आधी द्या: संस्थेचं पॅन, धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, सह्यांचे अधिकार देणारा ठराव. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः एकच हवं. एका ठिकाणी ‘मंडळ’ आणि दुसरीकडे ‘मंडळ, ठाणे’ एवढ्यावरूनही पडताळणी अडकते. त्याच वेळी विक्रीचा तक्ता बघण्याचं लॉगिन खजिनदार आणि कार्यवाह या दोघांनाही मागून घ्या. पासवर्ड एकाच उत्साही तरुणाकडे असला की तो नेमका कार्यक्रमाच्या आठवड्यात परगावी असतो.

पैसे कधी मिळणार, हे लेखी घ्या. स्वतःच्या संकेतस्थळावर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) लावलात तर साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत रक्कम खात्यावर येते. तिकीट विकणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा कार्यक्रम पार पडल्यावरच हातात देतात, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजन, पाडवा अशा बँकांच्या सुट्ट्या मध्ये येतात. म्हणजे नाट्यगृहाचं भाडं, साउंडवाल्याची आगाऊ रक्कम, कलाकारांचं मानधन आधी संस्थेच्या गंगाजळीतून जाणार. हाऊसफुल्लचा बोर्ड लागलाय आणि साउंडवाल्याला द्यायला खात्यात पैसे नाहीत, ही वेळ इथूनच येते.

आता मुख्य काम. हिशेब बँकेपासून सुरू करू नका, खुर्चीपासून करा. नाट्यगृहाचा प्लॅन घ्या आणि एक्सेलमध्ये प्रत्येक खुर्चीला एक ओळ द्या. ए-१ पासून बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट येईल: ऑनलाइन विकली, खिडकीवर विकली, प्रायोजकाची, मानाचा पास, रिकामी. पासाच्या खुर्च्याही सिस्टिममध्ये शून्य रुपयांनी बुक करा आणि कोणाच्या सांगण्यावरून दिल्या ते लिहा. पहिल्या तीन रांगा नेहमी कुठे जातात ते त्या रकान्यात उघड होतं, म्हणून तो रकाना बैठकीत फारसा कोणाला आवडत नाही. तरीही ठेवाच.

खात्यावर येणारी रक्कम विक्रीइतकी कधीच नसते. उदाहरण घेऊ. ४०० रुपयांची ३१२ तिकिटं ऑनलाइन गेली: १,२४,८०० रुपये. कमिशन समजा ५ टक्के, म्हणजे ६,२४०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १,१२३ रुपये २० पैसे. शिवाय कंपनी एकूण विक्रीवर टीडीएस, म्हणजे तुमच्या आयकरापोटी आधीच कापायची रक्कम, कापते. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, म्हणजे १२४ रुपये ८० पैसे. खात्यावर जमा होतील १,१७,३१२. तिकीट ५०० च्या वरचं, करपात्र असतं तर जीएसटीतला टीसीएस (कंपनीने विक्रीतून गोळा करून सरकारकडे भरायचा कर), अर्धा टक्का, आणखी वजा झाला असता. प्रत्येक सेटलमेंटसाठी, म्हणजे कंपनीने खात्यावर टाकलेल्या प्रत्येक रकमेसाठी, हे पाच आकडे पाच रकान्यांत लिहा आणि शेजारी बँकेच्या पासबुकातला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. प्रेक्षकाकडून वेगळी घेतलेली ‘कन्व्हिनियन्स फी’ यात धरू नका. ती कंपनीची, तुमची नाही.

विक्री चालू असताना हे रोज रात्री करा, दहा मिनिटं लागतात. रोजची तिकिटसंख्या एवढी जरी टिपली तरी चालेल. सेटलमेंट आलं की मागे जाऊन जुळवता येतं.

खिडकीवरची विक्री हे हिशेबातलं दुसरं भोक. तिथे क्यूआर संस्थेच्या खात्याचाच लावा. ‘माझ्या नंबरवर टाका, मी नंतर ट्रान्सफर करतो’ म्हणणारा सभासद कितीही सज्जन असो, त्याच्या खात्यात तिकिटाचे पैसे आणि भाचीच्या भाऊबिजेचे पैसे एकत्र झाले की कोणीच काही सांगू शकत नाही. यूपीआयने पैसे आले तर यूटीआरचे शेवटचे चार आकडे तिकिटाच्या स्थळप्रतीवर लिहा. रोख असेल तर ‘रो’. स्क्रीनशॉट दाखवला म्हणून तिकीट देऊ नका. साउंडबॉक्स बोलू दे किंवा खात्यात दिसू दे.

पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही, असे फोन येणारच. त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा: नाव, रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक. अडकलेला यूपीआय व्यवहार बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत उलटवायचा असतो, उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ मधला नियम आहे. तेव्हा घाईने संस्थेच्या खात्यातून परतफेड करू नका. पैसे दोनदा जातात. कार्यक्रम रद्द झाला तर कमिशन परत मिळतं का, हे मात्र करार करतानाच विचारा.

कार्यक्रमानंतर सेटलमेंटचे सगळे अहवाल आणि कमिशनची बिलं उतरवून संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवा, लॉगिन पुढे चालेलच असं नाही. वहीत मात्र जमा बाजूला १,१७,३१२ लिहू नका. तिथे १,२४,८०० येतील, कमिशन आणि त्यावरचा कर खर्चात जाईल आणि टीडीएस येणं म्हणून दिसेल, कारण आयकर खात्याच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या तक्त्यात) तुमच्या पॅनसमोर विक्री म्हणून पूर्ण १,२४,८०० नोंदलेले असतात आणि लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच उघडतो.