ग्वाल्हेरच्या उन्हात हायब्रिडची बॅटरी थंड आणि पंखा शांत कसा ठेवायचा

मे लागला, लू सुटली की लश्कर भागातल्या आपल्या मंडळींकडून एकच प्रश्न येतो, मागच्या सीटजवळून घूं घूं आवाज येतोय, गाडी बिघडली का? बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. तो मोठ्या बॅटरीचा पंखा असतो आणि बॅटरी तापली म्हणून तो जोरात फिरत असतो. आवाज बंद करायच्या मागे लागू नका, पंख्याला एवढं काम का पडतंय ते बघा, काम कमी झालं की आवाज आपोआप कमी होतो.

हे सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे हं, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोठ्या बॅटरीवरही चालणाऱ्या हायरायडर, ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, हायक्रॉस, कॅमरी, जुनी प्रायस अशा गाड्या. स्मार्ट हायब्रिड लिहिलेल्या अर्टिगासारख्या गाडीत 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते, तिथे ही भानगड नाही.

आता मुख्य गोष्ट. या बॅटरीला वेगळा एसी नसतो, तुम्ही बसता त्याच केबिनमधली हवा एका जाळीतून आत ओढून पंखा ती बॅटरीवरून फिरवतो. म्हणजे तुम्हाला गार वाटतंय तर बॅटरीला पण गार, आणि केबिनची भट्टी झाली असेल तर बॅटरीला पण तीच गरम हवा. जुन्या प्रायसच्या बॅटरीत 1.2 व्होल्टचे 168 सेल असतात, एकूण 201.6 व्होल्ट, सगळे शेजारी शेजारी दाबून बसवलेले, आणि मधल्या सेलना हवा कमी मिळते म्हणून ते जास्त तापतात आणि बहुधा तेच आधी जातात. त्यामुळे हवेची वाट मोकळी ठेवणं ही चैन नाही, बॅटरीचं आयुष्य त्यावर आहे, आणि ही बॅटरी बदलायची वेळ आली तर खिशाला किती लागतं ते तुम्हाला माहितेय.

म्हणून सगळ्यात आधी ती जाळी शोधा. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटच्या बाजूला नाहीतर सीटच्या खाली पुढच्या तोंडाला असते, तुमच्या गाडीत नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. सापडली की बघा तिच्यासमोर काय काय आहे. आपल्याकडे नवी गाडी आली की पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर चढवतात, आणि दुकानातला पोरगा सफाईदार दिसावं म्हणून कव्हर खेचून जाळीवरून नेऊन शिवून टाकतो, त्याला बिचाऱ्याला माहीत नसतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या गाडीत हेच झालेलं, पंखा जोरजोरात फिरायचा आणि आत हवा जवळजवळ नाहीच. कव्हर तेवढं कापून किनार शिवून घेतली, त्यानंतर आवाज निम्म्यावर आला. कव्हर शिवायला टाकताना तिथेच उभं राहून जाळी दाखवा आणि सांगा, भैया ये खुली रहेगी. तसंच मुरैन्याहून गजकचे डबे आणले, लग्नाला निघालो म्हणून गाद्या-गठुडी कोंबली, मुलाचा टॉवेल पडला, यातलं काहीही जाळीला टेकता कामा नये.

मग फिल्टर. जाळीच्या मागे बहुतेक नव्या गाड्यांत पातळ फिल्टर असतो. ग्वाल्हेरची धूळ, आंध्या म्हणजे धुळीची वादळं, वर कुणाच्या घरी कुत्रं असेल तर त्याचे केस, सगळं तिथेच जाऊन बसतं आणि त्याचा नमदा होतो. मी म्हणेन होळी झाली की एकदा साफ करा, पाऊस सुरू होऊन आंध्या थांबल्या की परत एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत तिसऱ्यांदा. पद्धत सोपी आहे: गाडी पूर्ण बंद करा, जाळीची क्लिप प्लास्टिकच्या पट्टीने हळू उचला, स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका, क्लिप तुटते. फिल्टर काढा, व्हॅक्यूमने धूळ ओढा, फारच मळला असेल आणि मॅन्युअलमध्ये धुवायला परवानगी असेल तर साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत अगदी कोरडा होऊ द्या. ओला बसवायचा नाही, आणि फिल्टरशिवाय गाडी पण चालवायची नाही. हवेच्या पाइपाने आत फुंकर मारायची नाही, धूळ बाहेर यायच्या ऐवजी बॅटरीत जाते. आणि सीट शाम्पू करणाऱ्याला आधी सांगून ठेवा की त्या जाळीजवळ फेस-पाणी मारायचं नाही, आत हाय व्होल्टेज आहे.

एवढं करून पण आवाज कमी नाही तर पंख्याच्या पात्यांवर धूळ चिकटलेली असू शकते. ते घरी उघडू नका. नारंगी रंगाच्या वायरी दिसल्या की हात मागे, ते काम हायब्रिडचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचंच.

आता रोजचं. दुपारभर उन्हात उभ्या गाडीत बसलात आणि लगेच काचा बंद करून निघालात तर पंखा ती तापलेली हवाच बॅटरीवर मारणार. आधी चारही दारं जरा उघडून परत लावा, काचा खाली करून एसी फुल लावा, मिनिट दोन मिनिटं काचा खाली ठेवूनच चालवा, गरम हवा बाहेर गेली की काचा बंद आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणारं बटण) चालू. समोरच्या काचेला सनशेड, जमेल तिथे कडुलिंबाची सावली. आणि पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवायची सवय नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत तरी सोडा, एसी बंद म्हणजे बॅटरी गार हवेला उपाशी. मागे कुणी बसलेलं नसलं तरी मागच्या बाजूला गार हवा जाऊ द्या, जाळी बहुधा तिथेच असते ना.

चालवण्याचा पण फरक पडतो. करंट दुप्पट झाला की बॅटरीत उष्णता चौपट तयार होते, त्यामुळे हजिऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक सिग्नलवर दणकून ॲक्सिलरेटर आणि लगेच कचकन ब्रेक असं केलं की बॅटरी दोन्ही वेळा तापते, वेग घेताना पण आणि ब्रेकने चार्ज होताना पण. लांबून ब्रेक हलका धरा. किल्ल्यावर उरवाई गेटने चढताना ईव्ही बटण दाबून हट्टाने बॅटरीवर नेऊ नका, इंजिनला मदत करू द्या. उतरताना बॅटरी लवकर भरते, तिथे गिअरच्या दांड्यावर बी मोड (इंजिनने गाडी रोखणारा) असेल तर लावा, उतार संपला की परत नेहमीचा डी. स्टेशनवर पाहुण्यांची वाट बघत तासभर एसी लावून बसलात तर इंजिन मधून मधून सुरू होईल, पंखा पण वाढेल, ते नॉर्मल आहे.

काळजी कधी करायची? डिसेंबरच्या गारठ्यात, फिल्टर स्वच्छ असताना, थोडंच चालवून पंखा जोरात सुटला तर. किंवा आवाज सपाट घूं घूं नसून टकटक, खरखर असेल तर, म्हणजे पात्यात काहीतरी अडकलंय नाहीतर बेअरिंग गेलंय. आवाज नक्की पंख्याचाच आहे ना हे बघायला गाडी तापलेली असताना टिश्यू पेपरची पट्टी जाळीसमोर धरा, आत ओढली गेली तर पंखा चालू आहे आणि वाट मोकळी आहे. आवाज मोठा पण पट्टी हलत नाही तर वाट तुंबलीय. आणि डॅशबोर्डवर बॅटरी कूलिंगचा मेसेज आला तर आधी जाळी आणि फिल्टर बघा, साफ करून पण मेसेज परत आला तर आग्ऱ्याला वगैरे लांब जायचा बेत पुढे ढकला आणि आधी सर्व्हिसला न्या.