परदेशातून कायमचे परतताना सरकारी कामे लाच न देता कशी उरकावीत

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या बैठकीत मायदेशी परतण्याचा विषय निघाला, की तो थोड्याच वेळात भ्रष्टाचारावर येऊन थांबतो. अनेक वर्षे न्यू जर्सीत राहून आता साताऱ्यात स्थिरावल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की लाचेची भीती हे न परतण्याचे खरे कारण क्वचितच असते. मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी आणि आईवडिलांचे वय या तीन गोष्टींवर निर्णय ठरतो आणि भ्रष्टाचाराचे नाव सोयीसाठी पुढे केले जाते. तरीही परतल्यावर सरकारी कचेऱ्यांशी गाठ पडतेच. ती कामे चिरीमिरी न देता कशी करावीत, याची पद्धत या लेखात मांडली आहे. ती महाराष्ट्रातील कचेऱ्यांपुरती आहे.

सुरुवातीला एक समज दुरुस्त करून घ्यावा. परदेशात भ्रष्टाचार नसतो, असे नाही. न्यू जर्सीचेच तत्कालीन सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घराच्या झडतीत सोन्याच्या लगडी आणि चार लाख डॉलरहून अधिक रोकड सापडली, जुलै २०२४ मध्ये ते लाचखोरीत दोषी ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. मात्र त्याच राज्यातील एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी कोणाचे हात ओले करावे लागत नाहीत. तेथील कारकून अधिक सज्जन असतो असे समजण्याचे कारण नाही. अर्ज अडवून धरण्यासारखे त्याच्या हातात फारसे उरलेले नसते, एवढेच. आपल्याकडेही जेथे माणसाच्या हातातील अडवणूक निघून गेली, तेथे पैसे मागणे थांबले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो शासकीय कामांना चालतो. त्यासाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहत चावडीवर बसून राहावे लागे, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. तेव्हा कोणतेही काम हाती घेताना ते कचेरीत न जाता करता येते का, हे सर्वप्रथम पाहावे.

घाई सोबत आणू नये

जेथे कचेरीत जाणे टळत नाही, तेथे लाच ही बहुतेक वेळा घाईपोटी दिली जाते. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला माणूस शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या किंवा भूमी अभिलेखाच्या कार्यालयात जातो आणि परतीचे तिकीट शनिवारचे असल्याचे स्वतःच सांगून मोकळा होतो. समोरच्याला याहून अधिक काही कळण्याची गरज नसते. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या’ हे वाक्य अशा माणसासाठी राखून ठेवलेले असते. म्हणून पहिला नियम असा, की आपल्या परतीची तारीख कोणत्याही टेबलावर उच्चारू नये, आणि दुसरा असा, की महत्त्वाची कामे सुट्टीत उरकण्याऐवजी परदेशात असतानाच सुरू करावीत किंवा कायमचे परतल्यावर सावकाश करावीत.

परदेशातून सुरू करण्याजोगे सर्वांत मोठे काम म्हणजे वारसनोंद. वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीवर वारसांची नावे लागलेली नाहीत, अशी कुटुंबे परदेशस्थांत पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचा तपशील देणारे प्रतिज्ञापत्र आणि आठ-अचा (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा) उतारा जोडून अर्ज करता येतो. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, प्रमाणित करतो. बहिणींची नावे वगळून प्रतिज्ञापत्र करण्याचा सल्ला गावाकडून हमखास येतो. तो ऐकू नये. कायद्याने तर ते चूक आहेच, शिवाय अशी लपवलेली गोष्ट जाणणारा प्रत्येक जण पुढे तिची किंमत वसूल करतो.

शेतजमिनीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांना शेतजमीन वारसाने मिळू शकते, परंतु विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन खरेदीसाठी मुळात शेतकरी असावे लागते. ‘आपण मॅनेज करू’ असे कोणी म्हणत असेल, तर तो आयुष्यभराची टांगती तलवार विकत आहे, असे समजावे.

भावाला किंवा बहिणीला मुखत्यारपत्र द्यावयाचे असल्यास ते राहत्या देशात नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल (दस्त दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) घ्यावे, अथवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे. असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत चुकली, की कागद निर्दोष असूनही दंड, शंका आणि मध्यस्थ असे सगळे एकाच वेळी दारात उभे राहतात. मुखत्यारपत्रात अधिकार मोजकेच द्यावेत. ‘सर्व व्यवहार करण्याचे’ सरसकट अधिकार सख्ख्या भावालाही देऊ नयेत, आणि यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

नावातील फरक

जे कागद अडतात, त्यांतील मोठा वाटा नावांतील तफावतीचा असतो. सातबाऱ्यावर ‘दत्तात्रय’, पासपोर्टावर इंग्रजीतून परत मराठीत आलेले ‘दत्तात्रेय’, परदेशी कागदपत्रांत वडिलांचे नाव गळालेले आणि पत्नीच्या एका दाखल्यावर माहेरचे आडनाव, तर दुसऱ्यावर सासरचे. कारकुनाने यावर बोट ठेवले, तर तो नियमाबाहेर काही करत नसतो. म्हणूनच ही त्रुटी पैसे काढण्यास सर्वांत सोयीची ठरते. परतण्यापूर्वी एका कागदावर उभे रकाने आखून पासपोर्ट, आधार, पॅन, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः जशी आहे तशी उतरवावी. जेथे फरक लहान आहे, तेथे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून त्याच्या काही प्रती जवळ ठेवाव्यात. जेथे नावच बदललेले आहे, तेथे राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीला आधारसाठी १८२ दिवस थांबावे लागत नाही, ओसीआय कार्डधारकाला मात्र मागील वर्षभरात तितका मुक्काम दाखवावा लागतो.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच, की कायमचे राहण्याच्या हेतूने परतल्यावर एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची बँक खाती निवासी खात्यांत बदलण्यासाठी बँकेला लगेच कळवावे. परदेशात मिळवलेली मालमत्ता परकीय चलन कायद्यानुसार तशीच ठेवता येते. पहिली दोन, काही वेळा तीन वर्षे आयकराच्या दृष्टीने आपण ‘निवासी परंतु सामान्य निवासी नाही’ या वर्गात राहू शकतो, पण तो काळ संपल्यावर परदेशी खाती विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक होते. हे काम अनिवासींचे हिशेब नेहमी पाहणाऱ्या सनदी लेखापालाकडेच द्यावे.

टेबलासमोर

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा. ‘ठेवून जा, बघतो’ असे उत्तर मिळाले तरी मूळ प्रत हातातून सोडू नये. आवक-जावक विभाग कोठे आहे ते विचारून तेथे अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे गोल शिक्का, त्यात तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. शिक्का पुसट उमटला असेल, तर पुन्हा मारून मागावा, कारण पुढची सर्व लढाई त्या तारखेवरून मोजली जाते. शिक्का नाही, शाईचे पॅड संपले आहे, संबंधित बाई रजेवर आहेत, यांपैकी काहीही सांगितले गेल्यास तोच अर्ज टपालातून पोचपावतीसह पाठवावा. हे सारे हसतमुखाने, आवाज न चढवता आणि मराठीतून करावे. ‘अमेरिकेत असं नसतं’ हे वाक्य टेबलासमोर बोलून कोणाचेही काम झालेले मी पाहिलेले नाही. ते ऐकताच समोरचा माणूस दुखावतो आणि आपली ऐपत किती, हेही त्याला कळते.

पोच मिळाल्यावर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामाला येतो. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असून ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, तसेच त्याच्यावरचे प्रथम आणि द्वितीय अपील अधिकारी निश्चित केलेले असतात. सेवा, मुदत, शुल्क आणि अधिकारी दर्शवणारा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. तो बहुधा जिन्याखाली किंवा कपाटाच्या आड असतो, तेव्हा शोधून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून केल्यास त्याचा क्रमांक आपोआप मिळतो. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे. कसुरी सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे हे खरे, पण दंडाची नोंद नको म्हणून अपिलाची नोटीस निघताच अनेक कागद स्वतःहून पुढे सरकतात.

जी सेवा या यादीत नाही, तिच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. ‘माझे काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारल्यास ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते, म्हणून अभिलेखच मागावेत. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर तारीखवार झालेली कार्यवाही, अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचे पदनाम आणि त्या नस्तीवरील (फाइलवरील) टिपणीची प्रत एवढे तीन मुद्दे पुरतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये असून राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही ते भरता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. हा अधिकार कायद्याने नागरिकांना दिलेला आहे. अनिवासी भारतीय हा भारताचा नागरिक असतो, पण अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला ओसीआय कार्डधारक नसतो, त्यामुळे त्याने हा अर्ज भारतीय पासपोर्ट असलेल्या जवळच्या नातेवाइकाच्या नावे करावा.

एजंट लावूच नये, असा माझा आग्रह नाही. वाहन परवाना, मिळकतीची नोंद, दस्तनोंदणी यांत फॉर्म भरून देणारा आणि रांगेत उभा राहणारा माणूस योग्य मेहनताना घेऊन काम करत असेल, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्याच्याकडून शासकीय शुल्क किती आणि त्याची फी किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘सगळं धरून अमुक’ असा आकडा सांगणारा आणि फोड विचारताच ‘आतलं बघावं लागतं’ म्हणणारा माणूस आपल्या वतीने लाच देणार असतो, आणि ती जबाबदारी आपल्यावर येत नाही, हा गैरसमज आहे.

घर घेताना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. विक्रेता रकमेचा काही भाग रोख मागतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचाही तोटा असतो, कारण कमी दाखवलेली किंमत पुढे विकताना भांडवली नफा फुगवते. परदेशातून आलेला पैसा बँकेतूनच आलेला असतो. म्हणून ‘माझ्याकडे रोख नाही आणि काढणारही नाही’ हे पहिल्याच भेटीत सांगावे; ज्यांना जमत नाही ते विक्रेते त्याच दिवशी गळतात. बांधकाम पूर्ण झालेल्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास दिलेली अधिकृत परवानगी) नसेल, तर ‘लवकरच मिळेल’ या शब्दावर व्यवहार करू नये.

उघड मागणी झाल्यास

एवढे करूनही कोणी स्पष्टपणे रक्कम मागितली, तर तेथे नकार किंवा होकार न देता ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून बाहेर पडावे आणि तारीख, वेळ, नेमके शब्द, उपस्थित व्यक्ती हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नंतर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा. विभाग प्रथम पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो. ती खरी ठरली, तर सापळा लावला जातो. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेली असते आणि त्या स्वीकारणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली, की द्रावण गुलाबी होते. मध्यस्थी करणारा खासगी इसमही या कारवाईत आरोपी होऊ शकतो.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याला देण्यास भाग पाडले गेले असेल आणि त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले असेल, तरच तो त्यातून सुटतो. विभागाला आधी कळवून सापळ्यासाठी दिलेली रक्कम या गुन्ह्यात मोडत नाही. तेव्हा दडपणाखाली पैसे दिले गेलेच, तर आठवा दिवस उजाडण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी.